मांसाहार न करणाऱ्यांनी कोणत्या गोळ्या घ्याव्यात, कोणत्या नाही

थेट उत्तर आधी. दूध, दही, अंडं यांपैकी काहीच न घेणाऱ्या व्हीगन माणसाला बी१२ ची गोळी लागतेच. वय कमी आहे, प्रकृती उत्तम आहे, चार वर्षांत काही झालं नाही, ही कारणं इथे चालत नाहीत. दूधदुभतं घेणाऱ्या शाकाहारी माणसाला ती लागेल की नाही, हे तो रोज खरोखर किती दूध-दही पोटात घालतो यावर ठरतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच शाकाहारी घरांत ते पुरेसं जात नाही असं माझं ठाम मत आहे. ड जीवनसत्त्वाचा प्रश्न मांसाहाराचा कमी आणि उन्हाचा जास्त. लोह, कॅल्शियम, झिंक, प्रथिनं यांसाठी आधी ताट सुधारायचं. गोळी त्यानंतर, तीही रिपोर्ट बघून. केस-नखं-त्वचा यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांची बहुतेकांना गरज नसते.

मांस न खाण्याची कारणं प्रत्येकाची वेगळी. कुणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलेलं असतं, कुणी गळ्यात तुळशीची माळ घातली म्हणून मटण सोडतं, कुणी कत्तलखान्याचा किंवा गोठ्याचा विचार करून आपणहून व्हीगन होतं. शरीराला कारण कळत नाही, त्याला फक्त काय मिळालं ते कळतं. म्हणून खालच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच लागू आहेत. माझी तळमळ एवढीच आहे की प्राण्यांना इजा नको म्हणून घेतलेल्या निर्णयाची किंमत घरातल्या कुणाच्या मज्जातंतूंना मोजावी लागू नये.

पायरी १: आठवडाभर आपलं ताट प्रामाणिकपणे मोजा

'आमच्याकडे दूध भरपूर असतं' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक शाकाहारी घरात ऐकू येतं. घरी दूध किती येतं हे विचारून उपयोग नाही, प्रत्येकाच्या पोटात किती जातं ते बघायचं. गाईच्या दुधात शंभर मिलीला साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम बी१२ असतं, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम धरतात. म्हणजे निव्वळ दूध-दह्यातून गरज भागवायची तर रोज अर्धा लिटर तरी हवं. दोन कप चहात मिळून जातं ते जेमतेम शंभर मिली दूध. ताकात दह्यापेक्षा पाणीच जास्त असतं. वरण-भातावरच्या तुपाची धार कितीही मोठी असली तरी तुपात बी१२ जवळजवळ नसतंच. अंडं खात असाल तर एका अंड्यातून अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं.

ही मोजणी घरातल्या बाईची वेगळी करा. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी राहिलेलं दही घेणं, दूध मुलांसाठी ठेवणं, आठवड्यातले दोन उपास, हे धरलं की एकाच घरात नवऱ्याचा आकडा ठीक आणि बायकोचा निम्मा असं सहज निघतं. गावाकडच्या माळकरी कुटुंबांत तर दूध डेअरीला घातलं जातं आणि घरात चहापुरतंच उरतं.

याच आठवड्यात आणखी तीन गोष्टी लिहून ठेवा: डाळ-उसळ किती वेळा आणि किती घट्ट, चहा-कॉफी जेवणाच्या किती जवळ, आणि अंगावर ऊन किती वेळ पडलं.

पायरी २: आधी रक्त तपासा, मग गोळी सुरू करा

हा क्रम उलटा झाला की रिपोर्ट निरुपयोगी होतो. आठ दिवस बी१२ ची गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा छान दिसतो, पण पेशींमधली कमतरता भरून निघालेली असेलच असं नाही.

पहिल्या वेळी रक्ताची संपूर्ण तपासणी म्हणजे सीबीसी, सीरम बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) आणि '२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' एवढ्या तपासण्या पुरतात. बी१२ चा आकडा २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता समजतात. २०० ते ३०० हा कुंपणावरचा पट्टा. तिथे असाल तर डॉक्टरांना होमोसिस्टीनबद्दल विचारा. बी१२ किंवा फोलेट (फॉलिक अॅसिडचं अन्नातलं रूप) कमी पडलं की रक्तातलं होमोसिस्टीन वाढतं, त्यामुळे खरी गरज उघड होते.

सीबीसीमध्ये एक फसवा आकडा असतो, तो म्हणजे एमसीव्ही, तांबड्या पेशीचं आकारमान. बी१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. शाकाहारी बायकांमध्ये बऱ्याचदा दोन्ही कमी असतात, आणि मग सरासरी आकार अगदी नॉर्मल दिसतो. 'एमसीव्ही बरोबर आहे, म्हणजे बी१२ ठीक' हा निष्कर्ष काढू नका. थॅलेसेमियाचे वाहक असणाऱ्यांच्या पेशी मुळातच लहान असतात, त्यांचंही असंच होतं.

केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइड, व्हिटॅमिन डी, बी१२ अशा बऱ्याच चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

तपासणीची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जायची लक्षणं: तळपायांना आणि बोटांना सतत मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ गुळगुळीत आणि लाल होणं, विसराळूपणा झपाट्याने वाढणं. बी१२ च्या अभावाने झालेली मज्जातंतूंची हानी लवकर उपचार केले तर भरून येते, उशीर झाला तर काही भाग कायमचा राहतो.

पायरी ३: बी१२ कोणतं, किती, कसं

यकृतात बी१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणूनच व्हीगन झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं अगदी उत्तम जातात आणि माणसाला वाटतं, आपल्याला गरज नाही. तो साठा जुन्या खाण्यातून जमलेला असतो. जन्मापासून शाकाहारी असणाऱ्याकडे मुळात तो कमीच असतो.

गोळीच्या मात्रेमागचं गणित समजून घेतलं की बाजारातले आकडे भीतीदायक वाटत नाहीत. जठरातून येणाऱ्या एका प्रथिनाच्या मदतीने बी१२ शोषलं जातं, आणि ही वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमलाच भरून जाते. त्यावरच्या मात्रेतला फक्त एक टक्का आपोआप झिरपतो. म्हणून रोज थोडी घ्यायची तर १० मायक्रोग्रॅम पुरते, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची तर २००० मायक्रोग्रॅम लागते. ब्रिटनमधली व्हीगन सोसायटी आपल्या सभासदांना हीच दोन प्रमाणं सांगते. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळते ती १५०० मायक्रोग्रॅमची मिथाइलकोबालामिनची गोळी. कमतरता नसलेल्या माणसाला ती आठवड्यातून दोनदा घेतली तरी पुरते. सायनोकोबालामिन हे बी१२ चं दुसरं रूप स्वस्त आणि जास्त टिकाऊ असतं. ते मिळालं तरी उत्तम, नावातल्या 'सायनो'ला घाबरायचं कारण नाही.

दुकानदाराला नुसतं 'बी१२ द्या' म्हणू नका. बऱ्याच पट्ट्यांमध्ये बी१२ बरोबर अल्फा लायपोइक अॅसिड असतं, तर काहींत नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन. प्रीगॅबालिनने गुंगी येते आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. पट्टीच्या मागची घटकांची यादी वाचा आणि ज्यात बी१२ एकटं आहे तीच गोळी मागा. जनऔषधी केंद्रात विचारलं तर खर्च आणखी कमी होतो.

रिपोर्टमध्ये कमतरता निघाली असेल तर वरची मात्रा तुमच्यासाठी नाही. तेव्हा डॉक्टर काही आठवडे रोजची मोठी गोळी किंवा इंजेक्शनं देतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ आणखी खाली जातं. अशा शाकाहारी माणसाने दरवर्षी तपासणी करावी.

आता गोळीऐवजी सुचवल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल. इडली-ढोकळ्याचं आंबवणं, मोड आलेली मटकी, स्पिरुलिना, समुद्री शेवाळ यांपैकी कशावरही विसंबू नका. स्पिरुलिनात बी१२ सारखं दिसणारं पण शरीराला न वापरता येणारं रसायन मुख्यत्वे असतं. 'आपल्या आतड्यातले जिवाणूच बी१२ बनवतात' हे अर्धंच खरं आहे. ते बनतं मोठ्या आतड्यात, आणि शोषण होतं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात.

'पूर्वी कुठे होत्या गोळ्या?' या प्रश्नाचं उत्तर मुंबई आणि पुण्यातच मिळतं. १९२८ पासून लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत, हाफकिन संस्थेत, गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांच्या गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं आणि त्यातून पुढे फॉलिक अॅसिडचा शोध लागला. पूर्वीचे लोक ठणठणीत होते असं म्हणताना या बायका आपण विसरतो. पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. जवळजवळ दोन तृतीयांश बायकांमध्ये बी१२ कमी आढळलं. २००८ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष तर प्रत्येक शाकाहारी घराने लक्षात ठेवावा असा आहे: आईच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी१२ कमी असेल, तर सहाव्या वर्षी त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. आपल्या भाजी-डाळीत फोलेट भरपूर असतं, वर गरोदरपणात फॉलिक अॅसिडची गोळी असते, आणि बी१२ मात्र राहून जातं.

'गोळी लागते म्हणजे हा आहारच अनैसर्गिक'

हा आक्षेप इतक्या वेळा येतो की इथे थांबणं भाग आहे. बी१२ कोणताही प्राणी स्वतः बनवत नाही, ते जिवाणूच बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात, मग ते दुधात आणि मांसात उतरतं. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांच्या खाद्यात तर बी१२ वरून मिसळलेलं असतं. म्हणजे ब्रॉयलर खाणारा माणूसही पूरक बी१२ च घेतो, फक्त कोंबडीमार्फत. गोळीतलं बी१२ कारखान्यातल्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून काढतात. मधला प्राणी वगळला, एवढाच फरक.

महात्मा गांधींचं उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवतं. १९१२ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. गाई-म्हशींवर होणारे अत्याचार कळल्यावर तो निश्चय व्रतासारखा पक्का झाला. १९१८ मध्ये ते खूप आजारी पडले, अशक्तपणा जाईना. मुंबईच्या डॉक्टरांनी दूध घ्यायलाच हवं असं सांगितलं, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीचं चालेल. गांधीजींनी ते घेतलं. पण व्रताची अक्षरं पाळली आणि आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी सभेपुढे बोलतानाही शाकाहाराचा पाया आरोग्य नसून नीती हाच असला पाहिजे, असं त्यांनी आग्रहाने सांगितलं. त्यांना बी१२ ची कमतरता होती असं म्हणायला काही आधार नाही. पण दुधाशिवाय शरीर नीट चालेल अशी वनस्पती ते शोधत राहिले, आणि या शोधाचं एक मोठं उत्तर, शुद्ध स्वरूपातलं बी१२, शास्त्रज्ञांच्या हाती लागलं ते त्यांची हत्या झाली त्याच वर्षी, १९४८ मध्ये. पुढे डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना उलगडली, १९६४ चं नोबेल त्यांना मिळालं. गांधीजींपुढचा पेच आज आपल्यापुढे राहिलेला नाही. प्राण्याला न दुखवता हे जीवनसत्त्व घेता येतं, ही सोय नाकारून आजारी पडण्यात मला कोणतीही अहिंसा दिसत नाही.

पायरी ४: ड जीवनसत्त्व

मासे-अंडी सोडली तर खाण्यातून ते फारसं मिळत नाही, त्यामुळे मटण खाणाऱ्याचाही रिपोर्ट कमीच येतो. फ्लॅट, ऑफिस, गाडी यांतच दिवस जात असेल तर डॉक्टरांशी बोलून गोळी घ्या. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल देतात, ती आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर परिणाम होतो. घरात दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथलं सरकारच सर्वांना ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घ्यायला सांगतं.

व्हीगन वाचकांसाठी: बाजारातलं बहुतेक डी३ मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. लायकेनपासून, म्हणजे दगडफुलासारख्या बुरशी-शेवाळाच्या जोडीपासून, काढलेलं डी३ मिळतं, आणि डी२ हे यीस्ट किंवा अळंबीपासून येतं.

पायरी ५: लोह, आणि पोह्यांनंतरचा चहा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. यात मांसाहारी बायकाही आहेतच, तेव्हा सगळा दोष शाकाहाराला देऊन चालणार नाही. पण वनस्पतींतलं लोह शरीर कमी शोषतं हेही खरं, आणि इथे स्वयंपाकघरातच पुष्कळ काही करता येतं.

पोह्यांवर लिंबू पिळतो ते योग्यच आहे, क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण वाढतं. आणि मग त्याच घासाबरोबर चहा पितो. चहातल्या टॅनिनमुळे मिळवलेलं बरंच घालवतो. चहा खाण्यानंतर तासाभराने घ्या, एवढा एक बदल फुकटातला आहे. कडधान्यांना मोड आणा, पीठ आंबवा. त्याने लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोहाबरोबर झिंकही जास्त सुटतं. मटकीच्या उसळीवर कच्चा कांदा-कोथिंबीर आणि लिंबू, लाल माठाच्या भाजीबरोबर आवळ्याचं लोणचं, नाश्त्याला पेरू, लोखंडी कढईत शिजवलेली आमटी. अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते राखून ठेवायचं कारण नाही. गुळावर मात्र फार भिस्त ठेवू नका. त्यात लोह थोडं आणि साखर पुष्कळ.

फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपलाय. तेव्हा ताटाने भागत नाही, गोळी लागते. ती रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. मळमळ, बद्धकोष्ठता होत असेल तर गोळी सोडून न देता एक दिवसाआड घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. पाळी चालू नसलेल्या बायकांनी आणि पुरुषांनी तपासणीशिवाय लोह घेऊ नये. त्यांच्यात लोह कमी झालं तर कुठे रक्तस्राव होतोय का, हे आधी शोधावं लागतं. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, जास्त पोटात गेल्या तर जीवावर बेततं.

पायरी ६: कॅल्शियम आणि बाकीचं

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी कॅल्शियमची रोजची शिफारस १००० मिलिग्रॅम केली. दूध घेणाऱ्याला ते अवघड नाही. व्हीगन माणसाला विचार करूनच गाठावं लागतं. ब्रिटनमध्ये हजारो लोकांचा अनेक वर्षं मागोवा घेणाऱ्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासाचे २०२० साली आलेले निष्कर्ष सांगतात की मांसाहारींच्या तुलनेत व्हीगन लोकांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण एकूण ४३ टक्के जास्त होतं आणि खुब्याचं हाड मोडण्याचं दुपटीहून अधिक. व्हीगन मित्रांनी हा आकडा टाळू नये. उपाय हाताशी आहे: नाचणीच्या पिठात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा रोज एक-दोन भाकऱ्या, तिळाची चटणी, राजगिरा, आणि कॅल्शियम घालून घट्ट केलेलं टोफू किंवा कॅल्शियम मिसळलेलं सोयादूध. पालकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटमुळे फारसं मिळत नाही. एवढं करूनही भरत नसेल तर ५०० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबर. वजन उचलण्याचा व्यायाम हाडांना गोळीइतकाच लागतो.

प्रथिनांसाठी पावडरीचा डबा बहुतेकांना नको. वरण घट्ट करा. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम मूठभर डाळ असते, म्हणजे पाच-सहा ग्रॅम प्रथिनं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम लागतात. दोन्ही जेवणांत घट्ट डाळ किंवा उसळ, मधल्या वेळी शेंगदाणे-फुटाणे, आठवड्यातून काही वेळा सोयाबीनच्या वड्या, एवढ्यावर ते भरतं.

ओमेगा-३ साठी रोज चमचाभर जवसाची चटणी. कारळ्याची चटणी रुचकर खरी, पण ती जवसाचं काम करत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शेवाळापासून काढलेलं डीएचए (ओमेगा-३ चाच एक प्रकार) घ्यायचं का, ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. सैंधव किंवा गुलाबी मीठच घरात वापरत असाल तर आयोडीन बुडतं. दूध-अंडी-मासे नसणाऱ्यांनी साधं आयोडीनयुक्त मीठच वापरावं.

पायरी ७: पाकिटाचं मागचं अंग वाचा

कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावरांच्या हाडं-कातड्यापासून बनवलेलं. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या शाकाहारी डब्यावर हिरवा ठिपका असतो, व्हीगन पदार्थांसाठी २०२२ पासून वेगळं बोधचिन्हही आलं आहे. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीवर असा ठिपका असेलच असं नाही. तिथे कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागणं हा सोपा मार्ग. हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच, त्यात दुधाची साखर असू शकते. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध जिलेटिनशिवाय मिळतच नसेल तर ते घ्या. व्हीगन सोसायटीची स्वतःची व्याख्याही 'जितकं शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असंच म्हणते.

दुधाचा प्रश्न, आणि पावित्र्याचा

शाकाहारी माणूस हा विषय बहुधा मांसापाशी थांबवतो. पण भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक आहे, आणि दूध येण्यासाठी दरवर्षी वासरू-पारडू जन्मावं लागतं. त्यातल्या नरांना गोठ्यात काम नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, रेडे-म्हशी त्यात नाहीत. परिणामी पारडी दुधावाचून मरतात किंवा कत्तलीला जातात, आणि पोसणं न परवडणारे खोंड सोडून दिले जातात. दूध पिणाऱ्याला हे माहीत असायला हवं. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. कोरडवाहू भागात दोन म्हशींचं दूध हाच त्याचा आठवड्याचा रोख पैसा असतो.

पर्यावरणाचा युक्तिवादही जपून वापरावा. जगाच्या पातळीवर प्राणिज अन्न पूर्ण सोडलं तर शेतीखालची जमीन सुमारे ७६ टक्क्यांनी कमी लागेल, असा हिशेब २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. पण कडबा आणि बांधावरचं गवत खाणाऱ्या म्हशीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. लातूरकडच्या सोयाबीनची पेंड खाणाऱ्या पोल्ट्रीला मात्र तो बराच लागू पडतो.

आणि आपल्याकडे हे बोलल्याशिवाय विषय पुरा होत नाही: शाकाहार इथे जातीच्या शुद्धतेशी जोडला गेला आहे. मांस शिजवणाऱ्याला घर भाड्याने न देणं, डबा उघडल्यावर नाक मुरडणं, यात प्राण्यांबद्दलची करुणा नाही, माणसांबद्दलचा तिटकारा आहे. शाळेतल्या अंड्याचा वादही तसाच. २०२३ मध्ये राज्याच्या शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळं, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा वेगळा निधी थांबला. ज्या मुलाच्या घरी डाळही रोज शिजत नाही, त्याच्या ताटातलं अंडं आपल्या तत्त्वासाठी काढायचा अधिकार पोटभर जेवणाऱ्या शाकाहाऱ्याला नाही. ज्याला पर्याय आहे त्यानेच त्याग करावा, आणि तो स्वतःपुरता करावा.

पायरी ८: गरोदरपण, बाळ, म्हातारपण

मोठा माणूस स्वतःच्या शरीरावर प्रयोग करू शकतो, बाळाला ती निवड नसते. म्हणून इथे कसलीही सूट नाही.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, बी१२ नसतं. शाकाहारी गरोदर बाईने ते वेगळं मागून घ्यावं, शक्यतो दिवस राहण्याआधीपासूनच. पुण्याच्या अभ्यासातला तो निष्कर्ष आठवा. अंगावर पाजतानाही गोळी चालू ठेवायची, कारण दुधातलं बी१२ आईकडूनच येतं. आईत ते कमी असेल आणि बाळ फक्त अंगावरच असेल तर काही महिन्यांनी बाळ फिकट दिसू लागतं, हसेनासं होतं, बसायला लागलेलं बाळ पुन्हा बसेना होतं, बोटांच्या सांध्यांवर काळपटपणा येतो, कधी हातपाय थरथरतात. यातलं काहीही दिसलं तर 'दात येतायत' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आई शाकाहारी किंवा व्हीगन आहे हे आपणहून सांगा. व्हीगन घरातल्या मुलांना सहाव्या महिन्यानंतर बी१२ चे थेंब किती द्यायचे, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

पन्नाशीनंतर जठरातलं आम्ल कमी होत जातं आणि अन्नातलं बी१२ सुटं होणं अवघड होतं. गोळीतलं आधीच सुटं असतं, ते शोषलं जातं. आजी-आजोबांचा तोल जातोय, विसरायला होतंय, चिडचिड वाढली आहे, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. सीरम बी१२ ची तपासणी मागा.

उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांनी तेच रक्त पुन्हा त्याच लॅबमध्ये तपासा. आकडे सुधारले तर बी१२ ची नेहमीची मात्रा कायम ठेवायची, लोहाची गोळी फेरिटिन भरल्यावर डॉक्टरांना विचारून थांबवायची. सुधारले नाहीत तर मात्रा आपल्या मनाने वाढवू नका, शोषण का होत नाही ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.